घराण्याचा वारसा आणि दारूचें व्यसन

(ज्युबिलीनिमित्त वरठी येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीचा काळ हा हिशेबाचा काळ होय. वाडवडिलांनीं आपणांस काय दिलें, त्यांतील आपण किती राखलें आणि पुढील पिढीच्या हातीं काय सोंपविणार, हें अशा वेळीं मनाशीं ताडून पाहावें अशी फार जुनी रीत आहे. आपल्या धर्मग्रामाच्या वाटचालीविषयीं इतर वक्ते बोलतीलच. आम्हीं मात्र आज अशा एका वारशाविषयीं बोलण्याचें योजिलें आहे, कीं ज्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाहीं, ज्याची वांटणी कोणी मागत नाहीं, आणि तरीही जो कित्येक घरांत बापापासून मुलाकडे उतरलेला आपण पाहतों. तो वारसा म्हणजे दारूचें व्यसन.

उत्सवाच्या दिवशीं हा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरांत हें दुःख आहे, तें घर उत्सवाच्या दिवशींच अधिक भितें. कारण उत्सव म्हटला कीं बाटली आली, आणि बाटली आली कीं रात्रीचें भांडण आलें. यास्तव आजचाच दिवस आम्हांस योग्य वाटला.

धर्मगुरूच्या दारीं या बाबतींत तीन प्रश्न वारंवार येतात. पहिला प्रश्न आईचा असतो : “फादर, याच्या बापाला दारूनें नेलें, आतां याचेंही तसेंच होणार का?” दुसरा प्रश्न सोयरीक ठरविणाऱ्यांचा असतो : “मुलगा गुणी आहे, नोकरीला लागला आहे, पण घराण्यांत पिणें आहे, मुलगी द्यावी कीं न द्यावी?” तिसरा प्रश्न खुद्द पिणाऱ्याचा असतो, आणि तो प्रश्नापेक्षां उत्तरच अधिक असतो : “आमच्या रक्तांतच आहे, फादर, त्याला मी काय करणार?” पहिल्या प्रश्नांत भीति आहे, दुसऱ्यांत सावधगिरी आहे व तिसऱ्यांत पळवाट आहे. परंतु तिहींच्या मुळाशीं एकच विचार आहे, तो असा कीं व्यसन रक्तांतून येतें. हा विचार कितपत खरा, हें आज आपण पाहूं.

आपला भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि मोहाचा. उन्हाळ्याच्या तोंडीं मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे पहांटे टोपल्या घेऊन बायामाणसें झाडांखालीं जमतात. त्या फुलांत साखर विपुल असते. लोक तीं वाळवून ठेवतात, खातात, विकतात, आणि त्यांचीच दारूही गाळतात. यांत झाडाचा दोष नाहीं. परंतु रोवणा आटोपला म्हणून, धान विकलें म्हणून, कारखान्याचा पगार झाला म्हणून, बारशाच्या आनंदानें आणि मौतीच्या दुःखानें, अशी प्रत्येक निमित्तानें आपल्याकडे दारू निघते. आणि भंडारा रोड स्टेशन आपल्या गांवांतच असल्यामुळें चारी दिशांचीं माणसें व चारी दिशांच्या संवयी येथें येऊन मिळतात.

आतां देशाकडे पाहूं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून एक मोठी पाहणी करविली व तिचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांत शेंकडा १४.६ लोक, म्हणजे सुमारें १६ कोटि माणसें, दारू पितात. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २७.३ व स्त्रियांत शेंकडा १.६ पडतें. परंतु जे दारूच्या पूर्णपणें अधीन झाले आहेत, त्यांचें प्रमाण शेंकडा २.७ आहे. अर्थात् पिणाऱ्या पांच-सहा जणांत एक जण असा कीं, त्याला पिणें सोडवत नाहीं. येथेंच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एकाच पंक्तीस बसून एकाच बाटलींतून सहा जण प्याले; पांच जण आज ना उद्यां हात आवरतात, आणि सहावाच का अडकतो? पांचांची इच्छाशक्ति बळकट व सहाव्याची दुबळी, असें म्हणून आपण मोकळे होतों. शास्त्राचें उत्तर इतकें सोपें नाहीं.

पोटांत गेलेला मद्यार्क रक्तांत उतरतो व मुख्यत्वें यकृतांत त्याचें विघटन होतें. हें काम दोन पायऱ्यांनीं चालतें. पहिल्या पायरीवर एका विकराच्या योगें मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य तयार होतें. दुसऱ्या पायरीवर दुसरें विकर त्या विषाचें निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करतें. विकर म्हणजे शरीरांतील रासायनिक कामगार, असें समजावें. आतां चीन, जपान, कोरिया या देशांतील पुष्कळ लोकांत हा दुसरा कामगार जन्मतःच लंगडा असतो. अशा मनुष्यानें अर्धा पेला घेतला तरी विष रक्तांत सांचतें, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळ सुटते. साहजिकच असे लोक व्यसनी होण्याचें प्रमाण फार कमी असतें. त्यांचा हा संयम त्यांनीं कमावलेला नाहीं. तो त्यांना आईबापांकडून मिळालेला आहे. ही देणगी आपल्या देशांत विरळाच आढळते. इ. स. १९४८ सालीं डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोब्सेन या संशोधकांनीं डायसल्फिराम नांवाच्या औषधाचा गुण प्रसिद्ध केला; तें औषध नेमकें हेंच करतें, म्हणजे दुसऱ्या कामगाराचा हात बांधून ठेवतें. यावरून एवढें तर निश्चित झालें, कीं एकाच दारूपुढें सगळीं शरीरें सारखीं नसतात, आणि हा फरक पिढीजात असूं शकतो.

तथापि कोणी म्हणेल, “बाप पितो तें मुलगा पाहतो, आणि पाहून शिकतो, यांत रक्ताचा संबंध काय?” शंका रास्त आहे. एकाच घरांत रक्तही बापाचें आणि वळणही बापाचें. तीं दोन वेगळीं कशीं करावीं? आपला शेतकरी हें करूं जाणतो. धानाचें पीक चांगलें आलें तें वाणामुळें कीं बांधीमुळें, हें पाहावयाचें असेल, तर एकाच वाणाचे पऱ्हे दोन निरनिराळ्या बांध्यांत लावून पाहावे. माणसांच्या बाबतींत अशी लावणी कोणी मुद्दाम करूं शकत नाहीं. परंतु दत्तक गेलेल्या मुलांच्या रूपानें ती आपोआप झालेली असते.

डेन्मार्कमध्यें दत्तकाच्या नोंदी फार काळजीपूर्वक ठेवलेल्या आहेत. डोनाल्ड गुडविन नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्या नोंदी धुंडाळून १९७३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या जन्मदात्यांपैकीं एक दारूडा होता, परंतु ज्यांना जन्मानंतर कांहीं आठवड्यांतच परक्या घरीं दत्तक दिलें होतें, असे ५५ पुरुष त्यांनीं घेतले. ज्यांच्या जन्मदात्यांत हें व्यसन नोंदलेलें नव्हतें, असे ७८ दत्तक पुरुष तुलनेसाठीं घेतले. पहिल्या गटांतील १० जण, म्हणजे शेंकडा १८, तिशीच्या सुमारास व्यसनाधीन झालेले आढळले. दुसऱ्या गटांतील ४, म्हणजे शेंकडा ५. ज्या बापाचें तोंडही पाहिलें नाहीं, त्याच्या रक्ताचा परिणाम जवळ जवळ चौपट दिसून आला. पुढील वर्षीं त्यांनीं दत्तक गेलेल्या मुलांची तुलना व्यसनी आईबापांजवळच वाढलेल्या त्यांच्या भावांशीं केली, तेव्हां दोघांत लक्षांत घेण्याजोगा फरक दिसला नाहीं.

याच आकड्यांची दुसरी बाजू मात्र लोक सांगावयास विसरतात. त्या ५५ पैकीं १० अडकले. मग ४५ जणांचें काय? तेही त्याच रक्ताचे होते, आणि ते अडकले नाहींत. आईच्या त्या पहिल्या प्रश्नास येथें उत्तर मिळतें. धोका चौपट आहे हें खरें. परंतु धोका म्हणजे निकाल नव्हे.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतूनही हेंच निघालें. कांहीं जुळीं एकाच बीजापासून झालेलीं, हुबेहूब असतात. कांहीं साध्या भावंडांसारखीं असतात. व्यसनाच्या बाबतींत हुबेहूब जुळ्यांचें साम्य अधिक आढळतें. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१५ सालीं काढलेला अंदाज असा, कीं माणसामाणसांत व्यसनाचा जो कमीअधिक कल दिसतो, त्यांतील सुमारें अर्धा भाग वारशाचा आहे व उरलेला परिस्थितीचा. ‘अर्धा’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. दारूड्याचीं निम्मीं मुलें दारूडीं होतात, असा त्याचा अर्थ नाहीं. हा हिशेब समूहाचा आहे. कोणा एका मुलाचें भविष्य त्यांतून वाचतां येत नाहीं.

आपल्या विदर्भांत रक्तांतून येणारा एक आजार सर्वांच्या परिचयाचा आहे, तो सिकलसेलचा. नागपूरच्या शुक्ल व सोलंकी या डॉक्टरांनीं १९५८ सालीं मध्य भारतांतील त्याचें अस्तित्व प्रसिद्ध केलें. सिकलसेलचें गणित सरळ आहे. त्याचें कारण एकच जनुक. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याचा संभव चारांत एक. आणि रक्ताची तपासणी केली कीं निर्णय मिळतो. दारूच्या व्यसनाचें तसें नाहीं. येथें एक जनुक नाहीं. पुष्कळ जनुकें आहेत आणि प्रत्येकाचा हात थोडथोडा आहे. मद्यार्क पचविणाऱ्या विकरांचीं जनुकें त्यांत ठळक ठरलीं आहेत, परंतु हा मुलगा पुढें दारूडा होईल किंवा होणार नाहीं, असें सांगणारी रक्ताची कोणतीही तपासणी नाहीं. यास्तव “रक्तांतच आहे” असें म्हणून जो स्वस्थ बसतो, तो सिकलसेलचा नियम दारूस लावतो.

मग मुलाकडे नेमकें येतें तरी काय? दारूची तहान घेऊन कोणी जन्मास येत नाहीं. ज्यानें कधीं थेंबही घेतला नाहीं, त्याचीं जनुकें कशींही असोत, तो व्यसनी होऊंच शकत नाहीं. परंतु कांहीं कल मात्र येतात.

पहिला कल म्हणजे दारू न चढणें. आपल्याकडे तरुण मोठ्या फुशारकीनें सांगतात, “मी कितीही घेतली तरी मला चढत नाहीं.” भोंवतालचे त्याची पाठ थोपटतात. अमेरिकेंतील मार्क शुकिट या डॉक्टरानें व्यसनी बापांचे तरुण मुलगे निवडले, त्यांना मोजून दारू दिली, कोणाला किती चढते हें टिपून ठेवलें, आणि आठ-दहा वर्षांनीं त्यांची पुन्हां भेट घेतली. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ज्यांना फार कमी चढली होती, त्यांपैकीं शेंकडा ५६ व्यसनी झाले होते, ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांपैकीं शेंकडा १४. कारण उघड आहे. ज्याला दोन पेल्यांत घेरी येते त्याला शरीरच थांबवितें. ज्याला येत नाहीं त्याला थांबविणारें कोणी उरत नाहीं. तो अधिक पितो, अधिक पिणाऱ्यांत बसतो, आणि मेंदूला त्या मापाची संवय लागते. म्हणून ज्या मुलाच्या घराण्यांत पिणें आहे आणि ज्याला दारू चढत नाहीं, त्याची पाठ थोपटूं नका. त्याची काळजी करा.

दुसरा कल स्वभावाचा. कांहीं मुलांचा हात विचारापूर्वीं उठतो; थांबणें, वाट पाहणें त्यांना जड जातें. न्यूयॉर्क येथील हेन्री बेगलायटर यांनीं १९८४ सालीं असें दाखविलें, कीं ज्यांनीं दारूस कधीं स्पर्शही केलेला नाहीं, अशा व्यसनी बापांच्या लहान मुलांतही मेंदूची एक विशिष्ट विद्युत्-लहर इतर मुलांपेक्षां क्षीण असते. बंगलोरच्या निमहान्स संस्थेंत विवेक बेनेगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्याच देशांतील कुटुंबांत हा शोध पुढें नेला व १९९५ सालीं प्रसिद्ध केला. वारशाचा भार जितका अधिक, तितकी ही लहर लहान, असें त्यांना आढळलें. तात्पर्य, ज्या मुलास आपण ‘वांड’ म्हणून चोप देतों, त्याच्या मेंदूस लगाम उशिरा लागतो, असा त्याचा अर्थ असूं शकतो. त्यास खेळ, शिस्त आणि प्रेमळ लक्ष यांची गरज अधिक असते. तिसरा कल चिंतेचा व उदासीनतेचा. हाही घराण्यांत उतरतो, आणि ज्याचें मन सदा जड असतें त्याला दारू औषधासारखी भासते.

मुलींविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. डेन्मार्कचा तो पहिला अभ्यास मुलग्यांचाच होता; परंतु अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत जुळ्या बहिणींच्या हजारावर जोड्या तपासून केनेथ केंडलर यांनीं १९९२ सालीं दाखविलें, कीं हा वारसा स्त्रियांसही तसाच लागूं आहे. शिवाय स्त्रीच्या शरीरांत पाण्याचें प्रमाण कमी असल्यानें तेवढीच दारू तिच्या रक्तांत अधिक तीव्र होते. गर्भारपणीं घेतलेली दारू तर थेट बाळापर्यंत पोंचते. अशा बाळांच्या व्यंगांचें वर्णन अमेरिकेंतील सिॲटल येथील डॉक्टरांनीं १९७३ सालीं केलें. ही हानि वारशाची नव्हे, गर्भांतील आहे, आणि ती पूर्णपणें टाळतां येण्याजोगी आहे. “बाळंतिणीस थोडी दिली तर अंग भरून येतें,” अशी समजूत जेथें असेल, तेथें ती सोडून द्यावी.

आतां उरलेल्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे घराकडे वळूं. वाण बदलणें आपल्या हातीं नाहीं. बांधी मात्र आपली आहे. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत १९९७ सालीं असें आढळलें, कीं ज्यांनीं वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वीं पिण्यास आरंभ केला, त्यांपैकीं शेंकडा ४० हून अधिक लोक पुढें केव्हां ना केव्हां व्यसनाधीन झाले. ज्यांनीं विसाव्या वर्षानंतर आरंभ केला, त्यांत हें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास होतें. आतां आपल्या घरांत काय चालतें तें पाहा. आठ वर्षांच्या पोरास बाटली आणावयास कोण पाठवितो? वरातींत नाचणाऱ्या बारा वर्षांच्या पुतण्याच्या ओठांस पेला कोण लावतो? सर्दी झाली म्हणून मुलास चमचाभर मोहाची कोण पाजतो? हें सर्व प्रेमानेंच होतें, आणि म्हणूनच कोणी हटकीत नाहीं. ज्या घराण्यांत व्यसन आहे, त्या घरांत हा चमचा म्हणजे वाळलेल्या गवताजवळ ठेवलेली काडी होय. त्यांत बापाचा मार, आईचें रडणें, फीसाठीं ठेवलेल्या पैशांचें नाहींसें होणें, हें ज्या मुलाच्या वांट्यास आलें, त्याच्यावर दुहेरी ओझें पडतें. एक रक्तांतून आलेलें व एक अंगणांतून आलेलें.

या संदर्भांत डब्लिन शहरांतील एका मजुराचें चरित्र पाहण्याजोगें आहे. मॅट टॅल्बट याचा जन्म १८५६ सालीं झाला. बाप मोठा पिणारा. बारा भावंडांच्या त्या घरांत थोरला सोडला तर सगळे भाऊ पिणारे. मॅटनें वयाच्या बाराव्या वर्षीं मद्य विकणाऱ्या एका पेढीवर नोकरी धरली आणि तेथेंच पिण्यास आरंभ केला. म्हणजे रक्त तसलें, घर तसलें, नोकरीही तसलीच. सोळा वर्षें तो पीत राहिला. १८८४ सालीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें दारू सोडण्याची शपथ घेतली. तीही जन्माची नव्हे, पहिल्यानें तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची, आणि मग आयुष्यभराची. १९२५ सालीं मिस्सेस जातां जातां रस्त्यांत त्याचा अंत झाला, तोंपर्यंत चाळीसहून अधिक वर्षें त्यानें पुन्हां थेंब घेतला नाहीं. पोप सहावे पॉल यांनीं १९७५ सालीं त्यास ‘वंदनीय’ ही पदवी दिली. या चरित्रांत लोकांचें लक्ष मॅटकडे जातें, तें योग्यच आहे. परंतु त्या थोरल्या भावाकडेही पाहावें. त्याच बापाचा मुलगा, त्याच घरांत वाढलेला, आणि तो त्या मार्गास गेला नाहीं. एका भावाची सुटका व दुसऱ्याचा बचाव, दोन्ही गोष्टी एकाच घरांत घडल्या.

आतां त्या तीन प्रश्नांस उत्तर देण्याची वेळ आली.

भिणाऱ्या आईस आम्ही सांगतों : माउली, तुझ्या मुलाचें तसेंच होईल असें मुळींच नाहीं; बहुतेकांचें होत नाहीं. परंतु त्याचा धोका इतरांहून अधिक आहे, आणि तो त्याच्यापासून लपवूं नकोस. तो बारा-तेरा वर्षांचा झाला म्हणजे बापाची निंदा न करतां त्यास सांग, कीं आपल्या घराण्याची प्रकृति दारूशीं जमत नाहीं. जसें साखरेच्या आजाराच्या घराण्यांत गोडावर नजर ठेवतात, तसें आपल्यास या बाबतींत ठेवलें पाहिजे. सर्वांत निर्धोक मार्ग पहिला पेलाच न घेण्याचा आहे, आणि तो निश्चय पेला पुढें येण्यापूर्वीं करावा लागतो.

सोयरीक पाहणाऱ्यांस आम्ही सांगतों : घराण्याची चौकशी जरूर करा, परंतु बापाचा दंड मुलास करूं नका. त्या ५५ पैकीं ४५ जणांचीं लग्नें मोडलीं असतीं, तर तो केवढा अन्याय झाला असता! विचारावयाचें तें मुलाविषयीं विचारा. तो स्वतः पितो का, केव्हांपासून, किती? ज्यानें बापाचें हाल पाहून दारूस न शिवण्याचा निश्चय केला आणि पाळला, असा मुलगा ज्याच्या घरीं कधीं दारू आली नाहीं अशा बेफिकीर मुलापेक्षां कमी भरंवशाचा नाहीं. आणि “खाण तशी माती” ही म्हण माणसांच्या बाबतींत जपून वापरावी. मातीस निवड करतां येत नाहीं, माणसास येते.

आणि “रक्तांतच आहे” म्हणणाऱ्या आमच्या बांधवास आम्ही सांगतों : अर्धें तुझें खरें आहे. तुझ्या शरीरानें तुला इतरांपेक्षां कठीण ओझें दिलें, म्हणून तुला नीच म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. संवय, भीति इत्यादि कारणांनीं मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, हें ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणांतही सांगितलेलें आहे. परंतु ज्याला आपल्या पायांतील दोष ठाऊक आहे, तो काठी घेऊन चालतो. वारसा तुझा अपराध नाहीं. उपचार घेणें मात्र तुझें काम आहे.

उपचाराविषयीं थोडें व्यवहाराचें सांगतों. जो पुष्कळ वर्षें रोज पीत आला आहे, त्यानें घरच्या घरीं एकाएकीं दारू तोडूं नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हात कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार होतात, आणि कधीं ते जीवावर बेततात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मात्र हे दिवस सुखरूप पार पडतात. तसेंच कांहीं घरीं दारू सोडविण्याची गोळी नवऱ्याच्या नकळत आमटींत घालतात. असें कदापि करूं नये. ज्या डायसल्फिरामविषयीं आम्हीं वर सांगितलें, तें पोटांत असतां मनुष्य दारू प्याला तर प्राणावर संकट येऊं शकतें. तें औषध घेणाऱ्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें असतें. दारूची ओढ कमी करणारीं दुसरीं औषधेंही आतां उपलब्ध आहेत.

पुण्याचें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यानें उभें केलें. आजवर असंख्य मराठी घरांस त्यानें आधार दिला आहे. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीमुळें १९९३ सालीं दारूबंदी झाली, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हें काम गांवोगांव सुरू झालें. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही, व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांनीं परस्परांस हात देण्याची मंडळी १९३५ सालीं अमेरिकेंत जन्मास आली. तिच्या सभा आपल्या देशांतही भरतात आणि त्यांस फी नसते. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ व मनाच्या आजारासाठीं १४४१६ हे सरकारी दूरध्वनि क्रमांक आहेत; ते प्रत्येकानें घरच्या भिंतीवर लिहून ठेवावे. ज्यांनीं दारू सोडली आहे त्यांनीं प्रभुभोजनाविषयीं मनांत शंका आणूं नये. केवळ भाकरीच्या रूपांतही तें परिपूर्ण असतें.

शेवटीं या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एक लहानसें काम करावें, अशी आमची विनंति आहे. वंशावळ काढण्याची पद्धत आपल्यांत आहेच. या वेळीं ती काढतांना आजोबा, बाप, काका, मामा, आत्या यांपैकीं कोणास दारूनें ग्रासलें होतें, याची खूण करावी. कोणाची बदनामी करण्यासाठीं नव्हे; ज्याप्रमाणें वैद्यास घराण्याचा आजार सांगतात, त्याप्रमाणें मुलांस सांगण्यासाठीं. ज्या वंशावळींत अशा खुणा अनेक दिसतील, त्या घरानें लग्नांत, बारशांत व मौतींत दारू न ठेवण्याचा ठराव करावा. आणि ज्या घरांत एकही खूण नाहीं, त्यानें शेजाऱ्यासाठीं तोच ठराव करावा. आज संध्याकाळचें आपलें ज्युबिलीचें जेवण सर्वांचें आहे. ज्यांच्या घरीं हें दुःख आहे तीं मुलेंही त्या पंक्तीस बसणार आहेत. त्यांना एक रात्र तरी निर्भयपणें जेवूं द्यावें, आणि तशा रात्री पुढें रोजच याव्या, यासाठीं आपण सर्वांनीं मिळून झटावें, एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.